हलकी ई-एमटीबी: वजन कुठे वाचतं आणि कुठे वाचवू नये

हलकी फुल सस्पेन्शन ई-एमटीबी, म्हणजे पुढे-मागे सस्पेन्शन असलेली मोटरची माउंटन बाइक, घ्यायला निघालेले बहुतेक जण एकच हिशेब मांडतात. वजन कमी, म्हणून चढ सोपा, म्हणून बॅटरी जास्त पुरणार. हा हिशेब आकड्यांपुढे टिकत नाही. ८० किलोचा रायडर, ४ किलो सामान आणि १९ किलोची सायकल मिळून १०३ किलो होतात. एवढं वजन ५०० मीटर वर न्यायला नुसत्या उंचीपोटी सुमारे १४० वॉट-अवर ऊर्जा लागते. हाच रायडर साडेतेवीस किलोच्या फुल पॉवर, म्हणजे मोठ्या मोटर-बॅटरीच्या सायकलवर बसला तर १४६. साडेचार किलो कमी करून वाचले सहा वॉट-अवर, जेमतेम चार टक्के.

हलकेपणाची खरी वसुली उतारावर होते. चढताना मोटर आणि पाय मिळून १०३ किलो ओढत असतात. पण वळणात सायकल एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला झोपवताना, मुळांवरून पुढचं चाक उचलताना, बनी हॉप (दोन्ही चाकं उचलून मारलेली उडी) करताना किंवा आडव्या पडलेल्या झाडावरून ती उचलून पलीकडे ठेवताना आपण हलवतो ती फक्त सायकल. साडेतेवीसचे १९ झाले की तिथे जवळपास एक पंचमांश भार उतरतो आणि तो पहिल्याच वळणात जाणवतो. त्यामुळे अरुंद, वळणावळणाच्या, उड्या मारत जायच्या ट्रेलवर रमणाऱ्यांसाठी ही सायकल आहे. एका दिवसात जास्तीत जास्त चढ उरकायचे असतील तर मोठ्या बॅटरीची जड सायकलच घ्यावी. दोन्ही गोष्टी एकाच सायकलीत पूर्ण मिळत नाहीत.

या वर्गाला ओळख मिळाली ती २०२० मध्ये. स्पेशलाइज्डची टर्बो लेव्हो एसएल ३५ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि ३२० वॉट-अवर बॅटरी घेऊन आली. त्याच वर्षी ओर्बियाने राइझमध्ये शिमानोची ईपी८ मोटर घेतली, तिचा ८५ न्यूटन मीटरचा टॉर्क सॉफ्टवेअरने ६० वर आणला आणि सोबत ३६० वॉट-अवरची बॅटरी दिली. २०२२ मध्ये ट्रेक फ्युएल ईएक्सईबरोबर टीक्यूची एचपीआर५० मोटर आली, फाझुआची राइड ६०ही त्याच वर्षी आली. २०२३ मध्ये बॉशने परफॉर्मन्स लाइन एसएक्स आणली. यातल्या राइझचा अपवाद सोडला तर सगळ्या मोटरी दोन किलोच्या आसपास आहेत. मग २०२४ मध्ये डीजेआयची अ‍ॅव्हिनॉक्स आली. मोटर अडीच किलोची आणि टॉर्क १०५ न्यूटन मीटर. तेव्हापासून 'हलकी मोटर म्हणजे कमी ताकद' हे समीकरण मोडलं. आता हलकी आणि जड यांच्यातली सीमा बॅटरी ठरवते. ४०० वॉट-अवरची बॅटरी दोन किलोच्या आसपास भरते, ७५० ची चार किलोच्या वर जाते.

टॉर्कचा आकडा एकटा वाचू नका

पत्रकावर टॉर्क ठळक छापलेला असतो आणि लोक तेवढाच बघून निर्णय घेतात. खरं तर पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले पायडल फिरण्याचा वेग. त्यामुळे मोटर आपली पूर्ण पॉवर कोणत्या केडन्सला, म्हणजे पायडल फिरण्याच्या कोणत्या वेगाला देऊ शकेल, हे कागदावरच काढता येतं. कमाल पॉवरला कमाल टॉर्कने भागायचं आणि आलेल्या संख्येला ९.५५ ने गुणायचं. उत्तर मिनिटाला किती फेरे ते येतं.

टीक्यू एचपीआर५०: ३०० वॉट, ५० न्यूटन मीटर. उत्तर ५७ फेरे. फाझुआ राइड ६०: ४५० वॉट, ६० न्यूटन मीटर. उत्तर ७२. बॉश एसएक्स: ६०० वॉट, ५५ न्यूटन मीटर. उत्तर १०४.

हे तीन आकडे तीन वेगळे स्वभाव सांगतात. टीक्यू कमी केडन्सलाच आपलं सगळं देऊन मोकळी होते. पुढे पाय कितीही वेगाने फिरवले तरी त्याहून जास्त काही मिळत नाही, म्हणून ती शांत आणि एकसारखी वाटते. एसएक्सचे ६०० वॉट खरेच आहेत, पण ते शंभराच्या पुढच्या केडन्सला. ६० फेऱ्यांवर तीच मोटर जास्तीत जास्त ३४५ वॉट देऊ शकते. जड गिअरमध्ये दाबून पायडल मारायची सवय असलेल्याला एसएक्स दमलेली वाटते आणि पाय भराभर फिरवणाऱ्याला तीच अंगात आल्यासारखी वाटते. दोष दोघांपैकी कोणाचाच नाही.

म्हणून टेस्ट राइडला जाताना आपली नैसर्गिक केडन्स माहीत करून घ्या. ओळखीच्या चढावर मिनिटभर एका पायाचे फेरे मोजले की पुरे. ती ६५ च्या आसपास असेल तर कमी केडन्सला खुलणारी मोटर निवडा. ८५ च्या वर असेल तर एसएक्ससारख्या मोटरीचं चीज होईल. मोटर आधीच घेतलेली असेल तर पुढचं चेनरिंग बदलून बराच फरक पडतो. ३४ दात्यांच्या जागी ३० लावलं की त्याच वेगाला केडन्स साधारण १३ टक्क्यांनी वाढते. बदलण्यापूर्वी मोटर बनवणाऱ्याने किती दात्यांपर्यंत परवानगी दिली आहे आणि चेनलाइन (चेन पुढून मागे ज्या रेषेत धावते ती) तीच राहते का, हे तपासा.

बॅटरी किती पुरेल

रेंज किलोमीटरमध्ये विचारण्यात अर्थ नाही. ट्रेलवर उंचीचे मीटर मोजायचे. वरचाच १०३ किलोचा हिशेब घेऊ. सरासरी दहा टक्क्यांचा चढ, रायडर स्वतः १२० वॉट देतोय आणि बॅटरीतल्या ऊर्जेपैकी ८० टक्के चाकापर्यंत पोचते, असं धरू.

तासाला ७०० मीटर उंची या गतीने चढलं तर उंचीपोटी सुमारे १९६ वॉट आणि मातीत चाक फिरताना होणाऱ्या विरोधापोटी ४० वॉट लागतात. रायडरचे १२० वजा जाता मोटरने द्यायचे उरतात साधारण ११६, म्हणजे बॅटरीतून १४५. हजार मीटर चढाला खर्च सुमारे २०६ वॉट-अवर. ४०० वॉट-अवरच्या बॅटरीत १,९०० मीटरच्या आसपास चढ होतो.

आता तोच रायडर तेवढेच वॉट देत टर्बो, म्हणजे सर्वाधिक मदतीच्या मोडमध्ये तासाला १,२०० मीटर चढू लागला. एकूण गरज ४०० वॉटच्या वर जाते, पण त्यात त्याचा वाटा १२० च राहतो. उरलेला सगळा भार मोटरवर. हजार मीटरचा खर्च जवळपास ३०० वॉट-अवर होतो आणि तीच बॅटरी साडेतेराशे मीटरवर संपते. सायकल तीच, रायडर तोच, ट्रेलही तोच. बॅटरी खाल्ली ती घाईने.

यातून मोड लावण्याची माझी पद्धत निघते. सर्वात खालचा मोड असा लावायचा की नेहमीच्या चढावर बोलत बोलत जाता यावं. मधला मोड तीव्र चढासाठी. सर्वात वरचा फक्त खडकाळ, तांत्रिक टप्प्यांसाठी राखून ठेवायचा, कारण तिथे अर्धा मिनिट जास्तीची ताकद मिळाली तर पाय टेकावा लागत नाही. बहुतेक सिस्टिमच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक मोडचं सहाय्य आणि कमाल पॉवर कमीजास्त करता येते. दोन्ही वेगवेगळं बदलता येत असेल तर आधी कमाल पॉवर कमी करा. सहाय्य तसंच राहू द्या. मग हलक्या पायाला मदत नेहमीसारखी मिळते आणि उधळपट्टीला आपोआप लगाम बसतो.

रेंज एक्स्टेंडर, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या बॅटरीबद्दल दोन शब्द. टीक्यू आणि स्पेशलाइज्ड एसएलचे १६० वॉट-अवरचे आहेत, बॉशचा पॉवरमोर २५० चा आणि दीड किलोच्या आसपास. तो बॉटल केजच्या जागी बसतो, त्यामुळे पाणी कमरेच्या पिशवीत न्यावं लागतं. उंच बसलेलं हे वजन खडकाळ उतारावर जाणवतं, म्हणून रोज लावून फिरू नये. लावलाच तर पट्टा घट्ट ओढा आणि प्लग पूर्ण बसल्याची खात्री करा.

वेगमर्यादेचाही रेंजशी संबंध आहे. युरोपात मदत ताशी २५ किलोमीटरला थांबते, अमेरिकेतल्या क्लास १ मध्ये ताशी २० मैलांना, म्हणजे ३२ किलोमीटरला. २५ च्या मर्यादेत सपाट ट्रेलवर बराच वेळ मोटर बंदच असते. अशा वेळी हलकी सायकल आणि मोकळी फिरणारी मोटर असेल तर साध्या सायकलइतकीच सहज पुढे जाते. जड सायकलवर तिथे ओझं ओढल्यासारखं होतं.

कारखान्यात वाचवलेले ग्रॅम

जाहिरातीतलं वजन बहुतेक वेळा पायडलशिवायचं असतं आणि ते कोणत्या साइझचं आहे हे बारीक अक्षरात दिलेलं असतं. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ते वजन कुठून काढलं. फ्रेममधून आणि बॅटरीतून काढलं असेल तर उत्तम. टायर आणि ब्रेकमधून काढलं असेल तर ते पहिल्याच आठवड्यात परत घालावं लागतं.

टायर आधी पाहा. आकडा सुंदर दिसावा म्हणून पातळ केसिंगचे (टायरच्या कापडी अंगाचे) टायर लावतात. पण १९ किलोची सायकल साध्या ट्रेल बाइकपेक्षा चार-पाच किलोने जडच आहे आणि तिच्या मागच्या चाकाला मोटरचा जोर मिळतो. धारदार दगडावर पातळ केसिंग रिमपर्यंत दबतं आणि दोन समांतर चिरा पडतात. टायरमधलं भोकं बुजवणारं द्रव, म्हणजे सीलंट, त्या चिरा बुजवू शकत नाही. मागे किमान मॅक्सिसच्या एक्सो प्लसच्या तोडीचं केसिंग हवं. खडकाळ भागात त्याहून जाड डबलडाउन. टायरमागे दीड-दोनशे ग्रॅम वाढतात, ते वाढू द्या. पुढे एक पायरी हलकं चालतं.

८० किलोच्या रायडरने २९ बाय २.४ च्या ट्यूबलेस टायरला पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयपासून सुरुवात करावी. रिमला ठोके बसले तर एक पीएसआय वाढवा, वळणात टायर कडेला दुमडला तरीही वाढवा. कोरड्या, गुळगुळीत ट्रेलवर पकड कमी वाटली तर एक कमी करा. सीलंट प्रत्येक टायरमध्ये १०० ते १२० मिली, आणि गरम, कोरड्या हवेत दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून ते सुकलं नाही ना, हे बघा.

ब्रेक पुढे-मागे चार पिस्टनचे असावेत. पुढे २०० किंवा २०३ मिमी रोटर (ब्रेकची चकती) हवाच. मागे १८० वर भागतं, पण लांब उतार असतील तर तिथेही २०० लावा. त्यासाठी २० मिमीचा अ‍ॅडॅप्टर लागतो आणि फ्रेमने तेवढा मोठा रोटर मान्य केलेला असावा लागतो. इथे एक हमखास होणारी चूक सांगून ठेवतो. अनेक सायकलींत स्पीड सेन्सरचं चुंबक मागच्या रोटरवर किंवा त्याच्या लॉकरिंगवर असतं. साधा रोटर लावला की ते चुंबक जातं, सिस्टिमला वेग कळत नाही आणि मदत बंद पडते. लोक मग मोटर बिघडली म्हणून सायकल सर्व्हिसला नेतात. नवा रोटर घेताना चुंबकासहित घ्या.

शिमानोचा रोटर नवा असताना १.८ मिमी जाड असतो. १.५ वर आला की बदलायचा. नवे पॅड घातल्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा, चाक लॉक न करता, जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक लावा. हे केल्याशिवाय थेट मोठ्या उतारावर गेलं तर पॅड चकाकतात आणि पुढे कायम किंचाळत राहतात.

सस्पेन्शन: जड सायकलची सेटिंग इथे चालत नाही

मोटर आणि बॅटरी फ्रेममध्ये असतात, म्हणजे स्प्रिंगच्या वर. चाकं, टायर, कॅसेट आणि ब्रेक स्प्रिंगच्या खाली. जड ई-एमटीबीत वरचा भार खालच्या भाराच्या तुलनेत खूप मोठा असतो, त्यामुळे खडकावर चाक वर-खाली होतं आणि फ्रेम आपल्या जागी राहते. हलक्या सायकलीत हे प्रमाण घटतं. चाकं जवळपास तेवढ्याच वजनाची, फ्रेम मात्र हलकी. म्हणून तीच खडकाळ ओळ हलक्या सायकलवर जास्त अस्वस्थ वाटते. जड सायकलवरून आलेला रायडर 'शॉक खराब आहे' म्हणतो ते यामुळे. बहुतेक वेळा जुनी रिबाउंड (दबलेला शॉक परत उसळण्याच्या वेगाची) सेटिंग जशीच्या तशी इकडे आणलेली असते, एवढंच.

मागच्या शॉकला सॅग, म्हणजे रायडरच्या वजनाने शॉक जेवढा दबतो ते प्रमाण, २८ ते ३० टक्के ठेवा. शॉकचा स्ट्रोक ५५ मिमी असेल तर ३० टक्के म्हणजे साडेसोळा मिमी. फोर्कला उभं राहून १५ ते २० टक्के. १५० मिमीच्या फोर्कला १८ टक्के म्हणजे २७ मिमी. हेल्मेट, बूट, भरलेली पिशवी सगळं अंगावर घेऊन मोजा. कम्प्रेशनचा (दबण्याला विरोध वाढवणारा) लिव्हर पूर्ण उघडा ठेवा. हवा भरल्यावर शॉक पाव स्ट्रोकपर्यंत सावकाश दहा वेळा दाबा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत हवा समान होते. हे केलं नाही तर सॅग चुकीचा येतो आणि पहिल्या दहा मिनिटांत बदलतो. मग सायकलवर बसा, ओ-रिंग (शॉकच्या दांड्यावरचं रबरी कडं) सीलला टेकवा, धक्का न देता उतरा आणि मोजा. पंप काढताना फुस्स आवाज येतो ती पंपाच्या नळीतली हवा असते, शॉकमधली नाही. पुन्हा पंप लावला की आकडा कमी दिसतो, कारण शॉकमधली थोडी हवा नळीत जाते. दर वेळी नुसता आकडा बघून, हवा पुन्हा न भरता पंप काढत राहिलं तर सॅग हळूहळू वाढत जातो.

एक्स्टेंडर लावल्यावर सॅग बदलायची गरज नाही. दीड किलोने पाव मिलीमीटरच्या आसपास फरक पडतो.

रिबाउंडसाठी नॉब पूर्ण बंद करा आणि उघडताना क्लिक मोजा. मधोमध ठेवून, सीटवर बसूनच सायकल एका पायरीवरून खाली उतरवा. मागचा भाग एकदा वर येऊन स्थिर व्हायला हवा. दुसऱ्यांदा डोलला तर एक क्लिक बंद करा. सलग दगडांवर सायकल खाली खाली बसत जाऊन कडक वाटू लागली तर एक क्लिक उघडा. जड सायकलवरून आलेल्यांना बहुधा आधीपेक्षा एक-दोन क्लिक जास्त उघडे लागतात.

काय बिघडतं

चेन. दर वेळी कारण एकच, जोर असताना गिअर बदलणे. पाय थांबले तरी काही मोटरी क्षणभर पुढे ढकलत राहतात, त्यामुळे चेन कॅसेटच्या दोन चक्रांच्या मध्ये असतानाच तिच्यावर पाय आणि मोटर दोघांचा जोर येतो. कडी वाकते, आणि मग पुढच्या एखाद्या चढावर तुटते. चढ सुरू होण्याआधी गिअर हलका करा, एका वेळी एकच बदला आणि बदलताना अर्धा फेरा पाय हलके ठेवा. चेन चेकरवर ०.५ टक्के झीज दिसली की १२ स्पीड चेन बदलायची. थांबलात तर तिच्याबरोबर कॅसेटही जाते, आणि कॅसेट चेनच्या कैकपट महाग असते. पिशवीत त्याच स्पीडची क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) आणि चेन टूल असू द्या.

मदत अचानक गेली तर आधी मागच्या चाकाकडे बघा. चुंबक सरकलंय का, सेन्सरवर चिखलाचा थर आहे का? बरेचदा उत्तर तिथेच मिळतं.

उतारावर पायडल थांबवल्यावर मोटरीतून येणारी खडखड काही मोटरींत असतेच. शिमानो ईपी८ त्यासाठी ओळखली जाते. आतल्या क्लचचा तो आवाज आहे, बिघाड नव्हे. कुरकुर मात्र शोधून काढावी लागते, आणि ती कार्बन फ्रेममधून अशी फिरते की दर वेळी मोटरीतूनच येतेय असं वाटतं. क्रमाने जा. उभं राहून पायडल मारताना आवाज थांबला तर सीट किंवा सीटपोस्ट. पाय स्थिर ठेवून, ब्रेक धरून सायकल दाबल्यावर आला तर पिव्हट (फ्रेमचे हलते सांधे) किंवा शॉकचे बुश. फक्त पायडलवर जोर देताना आला तर पायडलचे आटे, चेनरिंगचे बोल्ट, क्रँक आणि सर्वात शेवटी मोटरीचे माउंटिंग बोल्ट. प्रत्येक ठिकाणी बोल्ट काढा, पुसा, मॅन्युअल सांगेल तिथे ग्रीस किंवा लॉकिंग द्रव लावा आणि दिलेल्या टॉर्कला टॉर्क रेंचने कसा. अंदाजाने आवळलेला पिव्हट बोल्ट बेअरिंगची वाट लावतो.

प्रेशर वॉशर लांबच ठेवा. बादली आणि ब्रश पुरे. चार्जिंग पोर्टचं झाकण धुण्यापूर्वी बंद आहे ना ते बघा, आणि धुतल्यावर पोर्ट कोरडा झाल्याशिवाय चार्जर लावू नका.

घेण्याआधी विचारायचा प्रश्न एकच राहतो: बॅटरी बाहेर निघते का? काही हलक्या सायकलींत ग्रॅम वाचवण्यासाठी ती फ्रेममध्ये बंद केलेली असते आणि काढायची तर आधी मोटर उतरवावी लागते. मग चार्जिंगसाठी सायकलच सॉकेटपर्यंत न्यावी लागते. प्रवासी विमानात १६० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही, त्यामुळे अशी सायकल विमानाने नेणं जवळजवळ अशक्य. बॅटरी सहज निघत असेल तर सायकल विमानाने जाते आणि बॅटरी पोचल्या ठिकाणी भाड्याने शोधता येते. सायकल महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर बॅटरी ३० ते ६० टक्के भरून, १० ते २० अंश तापमानाच्या कोरड्या जागी ठेवा, आणि शून्याखालच्या थंडीतून आत आणल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत चार्जर लावू नका.